रापोल्ड काहीच बोलले नाहीत

ओबरलाइटेन, १४ मार्च १९९६

प्रिय एगॉन,

तुझे कान फोनला निरुपयोगी झाल्यापासून आपलं बोलणं टपालानेच चालतं. एरवी मला त्याचं काही वाटत नाही. आज वाटलं. तू जवळ असतास तर तुला दंडाला धरून रापोल्डच्या गॅरेजमध्ये उभा केला असता आणि म्हटलं असतं, आता तूच बोल यांच्याशी.

ओटमार गेल्यानंतर गाडी पहिल्यांदाच सर्व्हिसिंगला नेली. तो होता तेव्हा शनिवारी मागच्या शेडमध्ये गाडीखाली आडवा पडून सगळं स्वतःच करायचा. बायको म्हणून माझं काम एवढंच, की हात पुसायला फडकं द्यायचं आणि जेवण गार होतंय म्हणून ओरडायचं. शेवटची दोन वर्षं तर त्याला वाकताही येत नव्हतं, तेव्हा गाडीकडे कोण बघणार?

रापोल्डचं दुकान तुला आठवत असेल. घाट उतरून शहरात शिरलं की डाव्या हाताला, पुढे काचेत नव्या गाड्या, मागे गॅरेज. आपली गाडी नवी कोरी तिथूनच घेतली होती. रापोल्ड स्वतः बाहेर आले. ऑपरेशननंतर डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात ना, तसा आवाज.

“बाई, पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत. पुढच्या आठवड्यात बदलू. बॅटरी थकली होती, वायपर गेले होते, ते आम्ही बसवून टाकलेत. थंडीत अडकायला नको.”

मार्च अर्धा संपला, एगॉन. अंगणात फुलं आलीत. कसली थंडी?

“आणि इंजिनातला टायमिंग बेल्ट बदलायला हवा,” ते म्हणाले.

“गाडी तर व्यवस्थित चालते.”

“चालते आहे तोवरच बदलायचा असतो. तुटल्यावर बदलून उपयोग नाही.”

मी म्हटलं, दाखवा. त्यांनी वरचं झाकण काढून टॉर्चच्या उजेडात दाखवला. काळाभोर पट्टा, नव्या गमबुटासारखा. एक भेग नाही. म्हटलं, “यात खराब काय आहे?”

“दिसत नाही, बाई. पण वर्षं झालीत. रबर आहे शेवटी.”

“वर्षं तर मलाही झालीत,” मी म्हटलं. “मला नाही कोणी बदललं.”

ते हसले नाहीत. मी सांगितलं, भावाला विचारून कळवते.

शेजारची हेडविग तुला माहीत आहे. तिची किडनी गेल्यापासून सोमवार-बुधवार-शुक्रवार तिला खाली दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनवर न्यावं लागतं. विम्याच्या खर्चाने टॅक्सी मिळते तिला, पण तो ड्रायव्हर तिला पार्सलसारखी उतरवतो म्हणे. म्हणून मी नेते. गाडी बंद पडून चालणार नाही, आणि फसवून घेऊनही चालणार नाही. एवढं सांग, की गाडीतली एखादी वस्तू बदलायची वेळ झाली हे ओळखायचं कसं?

तुझी,
ट्राउडे


ब्रेमरहाफन, २० मार्च १९९६

ट्राउडे,

आधी एक ध्यानात ठेव. जो पार्ट विकतो तोच जर पार्ट खराब झालाय असं सांगत असेल, तर तिथे कान बंद आणि डोळे उघडे ठेवायचे. माझे कान तर बंदच आहेत, म्हणून मला कोणी फसवत नाही.

मार्चमध्ये थंडीसाठी बॅटरी! तिथेच तो उघडा पडला. सकाळी गाडी एका किल्लीत सुरू होत होती ना? मग बॅटरी थकली कुठे? थकला असेल त्याचा गल्ला.

मी सगळा जन्म जहाजांच्या इंजिनखोलीत काढला. तिथे प्रत्येक भागाचे चालू तास मोजतात. जितका चालला तितका झिजला, इतका सरळ हिशेब. उभं इंजिन झिजत नाही. तुमची गाडी ओटमारने चर्चला आणि बटाटे आणायला वापरली. असा पट्टा असल्या वापरात निम्मासुद्धा झिजत नाही. वर तो माणूस स्वतः उजेड पाडून तुला दाखवतो की भेग नाही, आणि तरी म्हणतो बदला. “वर्षं झालीत” म्हणे! गाडीत पट्टा आहे की नासणारं चीज?

पॅडचं वेगळं. ते घासून झिजतात, त्यामुळे खरोखर संपले असू शकतात. पण ते खरंच बदलतात की नुसतं बिल लावतात, हे बघायला हवं. तू असं कर. गाडी नेण्याआधी पॅडला रंगाची खूण कर. सुटणार नाही असा रंग घे. मग जुने पार्ट परत माग. तो तुझा हक्क आहे. खूण केलेला तुकडा हातात आला तर ठीक. नाही आला, तर चोर सापडला.

पट्टा बदलायचा नाही. ठामपणे सांग. तू फार लवकर माणसांना “बरं” म्हणतेस.

एगॉन


ओबरलाइटेन, २ एप्रिल १९९६

प्रिय एगॉन,

भयंकर राग आलाय मला. आधी सगळं क्रमाने सांगते.

रविवारी दुपारी हेडविग टॉर्च घेऊन उभी राहिली आणि मी चाकाशी गुडघे टेकून बसले. रंग तिचाच, नखांना लावायचा लालभडक. ती म्हणाली, “मशीनवर पडून राहायचं म्हणजे निदान नखं तरी बघण्यासारखी हवीत, म्हणून आणला होता. तुझ्या गाडीच्या नशिबी होता.” चाकाच्या फटींमधून आत चकचकीत तबकडी दिसली आणि तिला मिठी मारून बसलेला लोखंडी ठोकळा. दोन्ही चाकांत तसाच. त्याच्यावर टपोरे लाल ठिपके दिले. समोरच्या फ्रिट्झलबाई पडद्याआडून बघत होत्या. उद्या गावभर होईल की ट्राउडे गाडीला नटवते.

मंगळवारी गाडी नेली. रापोल्डना म्हटलं, जुने पॅड मला परत हवेत. ते जरा थबकले. “कशाला, बाई?” “हवेत,” मी म्हटलं. बघ, मी “बरं” नाही म्हटलं. बेल्टचं विचारलं त्यांनी, तेव्हाही “नको” म्हटलं. ते म्हणाले, “बाई, हे एक काम तुम्ही पुढे ढकलू नये असं मला मनापासून वाटतं.” मनापासून! मी म्हटलं, माझा भाऊ इंजिनिअर आहे आणि त्याला तसं वाटत नाही.

संध्याकाळी त्यांनी कागदी पिशवीत चार झिजके तुकडे दिले. घरी येऊन टेबलावर ओतले, उलटेपालटे केले. लाल रंगाचा ठिपकासुद्धा नाही, एगॉन. मग हेडविगला हाक मारली, पुन्हा चाकाशी बसलो, उजेड टाकला. दोन्ही चाकांत माझे लाल ठिपके जसेच्या तसे!

म्हणजे माझ्या गाडीला हातही लावला नाही आणि कुणाचे तरी जुने पॅड माझ्या हातात कोंबले. ओटमारच्या अंत्यविधीला हा माणूस काळा कोट घालून आला होता. माझा हात दोन्ही हातांत धरला होता त्याने.

हेडविग म्हणते, नीट विचार आधी. पण काय विचारू? एक मात्र तुला बजावते, तू काही करू नकोस. हे छोटं शहर आहे. त्यांची सून आणि मी एकाच बेकरीत रांगेत उभ्या असतो.

ट्राउडे


ब्रेमरहाफन, ९ एप्रिल १९९६

ट्राउडे,

शाब्बास! याला म्हणतात पुरावा. मी पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझा चहा गार झाला.

आता त्याच्याशी वाद घालू नकोस. वाद घातला की असली माणसं गोड बोलून गुंडाळतात. पॅड बदललेले नसले तरी घाबरू नकोस. ब्रेक लागताना करकर वाजायला लागली की समजायचं, तोवर त्यांच्यात जीव आहे. बहुधा ते संपलेलेच नव्हते, म्हणून तर त्याने बदलले नाहीत. आणि जो पॅडच्या बाबतीत खोटं बोलला, तो बेल्टच्या बाबतीत खरं बोलेल का? तो विषय संपला.

मी काही करणार नाही. शब्द देतो. ब्रेमरहाफनमध्ये बसून मी करणार तरी काय?

एगॉन


ओबरलाइटेन, १० ऑक्टोबर १९९६

प्रिय एगॉन,

उन्हाळाभर आपली पत्रं फक्त तुझ्या गुडघ्याबद्दल आणि माझ्या प्लमच्या झाडाबद्दल झाली. आता पुन्हा गाडीचं ऐक.

काल हिवाळी टायर बसवायला गेले. जायचं नव्हतं, पण आसपास दुसरं गॅरेज कुठे आहे? आणि म्हटलं, निदान बघू तरी आता काय काय खराब निघतं. मनात सगळी उत्तरं पाठ करून गेले होते.

आणि काहीच निघालं नाही! रापोल्डनी किल्ली काउंटरवर ठेवली. “टायर बसवले. बाकी काही केलेलं नाही.”

मी मुद्दाम खोचून म्हटलं, “या खेपेला काहीच खराब झालं नाही वाटतं?”

ते किल्लीकडेच बघत होते. “तुम्ही सांगाल तेवढंच करायचं, असं ठरवलंय आम्ही, बाई.”

“चांगलं ठरवलंत,” मी म्हटलं आणि ऐटीत बाहेर पडले. खोटं कशाला सांगू, घाट चढताना गाणं म्हणत होते.

हेडविग मात्र वेगळंच म्हणते. ती गाडीतच बसून होती, काचेतून बघत होती. म्हणाली, “हा माणूस काहीतरी तोंडात धरून बसलाय. तुझ्या मागोमाग दारापर्यंत आला, थांबला, परत गेला.” मी म्हटलं, लाज वाटली असेल. ती म्हणाली, “लाजलेला माणूस असा दिसत नाही गं. घाबरलेला दिसतो.”

कशाला घाबरेल तो मला? तुला काय वाटतं?

ट्राउडे


ब्रेमरहाफन, १७ ऑक्टोबर १९९६

ट्राउडे,

घाबरला असेल तर उत्तमच. भीती हे फार चांगलं वंगण आहे, तिने अडलेली माणसं सरळ चालायला लागतात. कारण काय ते शोधत बसू नकोस. आपण जिंकलो.

माझा गुडघा तसाच आहे.

एगॉन


ब्रेमरहाफन, २५ नोव्हेंबर १९९६

ट्राउडे,

माझ्या आधीच्या दोन्ही पत्रांना तुझं उत्तर नाही. तू कधी इतकी गप्प राहत नाहीस. खालच्या मजल्यावरच्या बाईंना तुझ्या घरी फोन लावायला सांगितलं. त्या म्हणतात, नुसती घंटा वाजते.

आजारी आहेस का? माझं काही चुकलं का? दोन ओळी टाक.

तुझा,
एगॉन


शहर रुग्णालय, २ डिसेंबर १९९६

इंजिनिअरसाहेब,

तुमचं पत्र ट्राउडे हातात घेऊन माझ्या खाटेशी बसली होती. उघडलं नाही. म्हणून मीच लिहिते आहे. अक्षर वाकडं आहे, कारण उजव्या खांद्याचं हाड मोडलंय आणि हे डाव्या हाताने चाललंय.

नोव्हेंबरच्या सुरुवातीचा एक शुक्रवार. आम्ही सकाळी दवाखान्यात निघालो होतो. घाटात दुसऱ्या वळणाच्या वर इंजिनात काहीतरी फाडकन वाजलं आणि सगळं शांत झालं. ट्राउडेने घाबरून क्लच दाबला. स्टिअरिंग दगडासारखं झालं. ब्रेक पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा निम्मा लागला, तिसऱ्यांदा तिने भिंतीवर पाय दाबावा तसं झालं. डावीकडे कठडा आणि कठड्यापलीकडे काय आहे ते तुम्ही लहानपणापासून जाणता.

तुमच्या बहिणीने दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लटकून गाडी उजवीकडे डोंगराच्या अंगाला घातली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ती स्वतः सांगणार नाही. ओरडली नाही. फक्त “हेडविग, डोकं खाली” एवढंच म्हणाली. तिच्या दोन बरगड्यांना तडा गेला. माझा खांदा आणि मांडी. मला त्या दिवशी मशीनवर न्यायला उशीर झाला आणि पुढचे तीन दिवस डॉक्टर माझ्याकडे बघताना पायाच्या बाजूला उभे राहायचे. त्यावरून मी ओळखलं, की माझा भरवसा नाही. पण आता माझा आवाज सगळ्या वॉर्डला ऐकू जातो.

टायमिंग बेल्ट तुटला, असं म्हणतात. इंजिन बंद पडलं की ब्रेकचं आणि स्टिअरिंगचं बळही जातं म्हणे.

ती तुमच्यावर रागावली आहे की स्वतःवर, मला कळत नाही. उद्या ती रापोल्डकडे जाणार आहे. गाडी त्यांच्याच आवारात ओढून नेली आहे. “मार्चमध्ये बेल्ट बदला म्हणून मागे लागले, आणि ऑक्टोबरमध्ये तोंड का शिवलं, ते विचारणार आहे,” म्हणते.

एक गोष्ट बऱ्याच दिवसांपासून विचारायची होती. तुमच्याकडे स्वतःची गाडी कधी होती का हो?

हेडविग


ओबरलाइटेन, १८ डिसेंबर १९९६

एगॉन,

मी रापोल्डकडे गेले होते. जे झालं ते सगळं लिहिते. मध्ये थांबू नकोस, पूर्ण वाच.

गाडी मागच्या आवारात ताडपत्रीखाली होती. मी काठी टेकत गेले. ते धावत बाहेर आले, खुर्ची आणायला लागले. मी म्हटलं, खुर्ची नको. आधी या गाडीचं पुढचं चाक काढा. त्यांनी स्वतः काढलं. मी लाल ठिपक्याकडे बोट दाखवलं. “हा रंग मी मार्चच्या शेवटी लावला होता. तुम्ही पॅड बदलले म्हणालात. मग हा इथे कसा?”

त्यांनी वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा ठिपक्याकडे. म्हणाले, “बाई, हा कॅलिपर. हा पॅडना चिमट्यासारखा धरून ठेवतो. हा कोणी बदलत नाही, हा गाडीबरोबरच जातो. पॅड याच्या आत असतात.” दोन बोल्ट सोडून त्यांनी ठोकळा उचलला. आतून पॅड निघाले. जाड, नवे, जेमतेम घासलेले.

मी चिमट्याला रंग लावला होता, एगॉन. पिशवीतले तुकडे माझ्याच गाडीचे होते.

ते खुर्ची घेऊन आले, मी बसले. मग म्हटलं, “ठीक आहे, पॅडबाबत माझी चूक. पण बॅटरी?”

त्यांनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले, “बॅटरी अजून दोन हिवाळे सहज गेली असती. वायपरही. तुम्ही एकट्या, काही विचारणार नाही असं वाटलं. ते मी केलं.” चेहऱ्यावरून घाम पुसला त्यांनी, डिसेंबरात.

“आणि बेल्ट?”

“बेल्टचं मी खरं सांगत होतो. तो नुसता किलोमीटरवर जात नाही, वयावरही जातो. उभ्या गाडीतसुद्धा रबर कडक होतं, आतले धागे सुटतात. वरून कळत नाही. म्हणून तर तो भेग दिसायची वाट न बघता बदलायचा असतो.”

“मग ऑक्टोबरमध्ये का नाही सांगितलंत?” मी ओरडले. एवढ्या जोरात ओरडले की बरगड्यांत कळ आली. “मार्चमध्ये दोनदा सांगितलंत. तिसऱ्यांदा सांगायला काय झालं होतं?”

ते म्हणाले, “तुमच्या भावाचा फोन आला होता.”

मी म्हटलं, माझा भाऊ फोन करत नाही. त्याला ऐकू येत नाही.

“ऐकू येत नव्हतंच त्यांना,” रापोल्ड म्हणाले. “एप्रिलमध्ये. म्हणाले, तुम्ही चोर आहात, आमच्याकडे पुरावा आहे. माझ्या बहिणीला पुन्हा एक जरी पार्ट बदलायला सांगितलात तर वर्तमानपत्रात नाव देईन, वकील लावीन. मी सांगत होतो, साहेब, बाकी काय म्हणायचं ते म्हणा, पण तो बेल्ट बदलून घ्या. तीनदा सांगितलं. ते म्हणत राहिले, ‘मला काही ऐकू येत नाही, तुम्ही फक्त ऐका.’ आणि फोन ठेवला.”

तू शब्द दिला होतास, एगॉन.

मी त्यांना विचारलं, “मग तुम्ही घाबरलात?”

“हो. सुनेने सगळं दुकान कर्जावर उभं केलंय. पेपरात नाव आलं असतं तर संपलोच असतो. त्यातून बॅटरीचं माझ्या मनात होतंच, पुरावा म्हणजे तोच असेल असं वाटलं. ऑक्टोबरमध्ये तुम्ही समोर उभ्या होतात. मी दारापर्यंत आलो होतो, बाई. मग स्वतःला सांगितलं, मार्चमध्ये सांगून झालंय, आता माझी जबाबदारी नाही.” मग म्हणाले, “होती.”

हेडविग रुग्णालयातच आहे. मांडीला वेळ लागेल. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही, फक्त चिमट्याचं सांगितलं. ती इतकी हसली की नर्स धावत आली. “माझं चांगलं नेलपॉलिश!” म्हणाली.

मी तुला रागावून लिहीत नाही. राग करायची ताकद राहिलेली नाही. तू फोन केलास का, एवढंच मला तुझ्या हातचं हवं आहे. “हो” किंवा “नाही”. बाकी काही समजावू नकोस.

ट्राउडे


ब्रेमरहाफन, ४ जानेवारी १९९७

ट्राउडे,

हो.

तू समजावू नकोस म्हणालीस, म्हणून नाही समजावत. हेडविगबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र द्यायला हवं. माझ्याकडे गाडी कधीच नव्हती. इथे सायकल पुरते. जहाजावरच्या पट्ट्यांचं मी जे लिहिलं ते जहाजावरचं होतं, आणि जहाजावरही ते कोण ठरवायचं? कागद बघून मुख्य इंजिनिअर ठरवायचा. मी त्याच्या हाताखालचा दुसरा इंजिनिअर होतो.

हेडविगबाईंना फोनचं मी स्वतः कळवलं आहे. त्यांचं उत्तर आलं. ते तुला दाखवायची माझी हिंमत नाही, पण ते मला हवंच होतं.

जानेवारीच्या अखेरीस येतो. रापोल्डला फोन करणार नाही. समोर उभा राहीन, आणि त्यांना म्हणेन, तोंड माझ्याकडे करून सावकाश बोला, मला ओठांवरून बरंच कळतं. तुला माझं येणं नको असेल तर तसं लिही, मी समजेन.

तुझा,
एगॉन


ओबरलाइटेन, १९ मार्च १९९७

प्रिय एगॉन,

तू गेल्यापासून मागच्या खोलीतला हीटर खडखडत नाही. काय केलंस त्याला? विचारायचं राहिलं. आणि मी एवढं रांधूनही तुझ्या ताटात शेवया उरायच्या, म्हणजे मुलूख सोडलेला माणूस चवही सोडतो म्हणायचं.

हेडविग परवा घरी आली. कुबड्या आहेत, पण तोंडाला कुबड्या लागत नाहीत. तिला न्यायला विम्याची टॅक्सी येते. मी म्हटलं, तेच बरं आहे, तेच चालू ठेव.

मी गाडी घ्यायला रापोल्डकडेच गेले. गावात सगळ्यांना नवल वाटलं, फ्रिट्झलबाईंनी तर तोंडावर विचारलं. मी त्यांना सांगितलं, तिथे काय काय खोटं बोलतात ते मला आता ठाऊक आहे, दुसरीकडे पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल. बॅटरी आणि वायपरचे पैसे रापोल्डनी गाडीच्या किमतीतून वजा केले. मी आभार मानले नाहीत.

गाडी जुनीच आहे, राखाडी, एका निवृत्त शिक्षकाची. रापोल्ड सगळं दाखवत होते. ब्रेक, टायर, तेल. मी प्रत्येक गोष्टीला विचारलं, हे झिजून जातं की वयाने जातं? झिजून जात असेल तर मोजून दाखवा. वयाने जात असेल तर वय सांगा. त्यांची सून काउंटरवरून बघत होती, तिला वाटलं असेल, म्हातारी आता संध्याकाळपर्यंत हलत नाही. हललेच नाही.

मग त्यांनी झाकणावर थाप मारली. “बेल्ट गेल्या वर्षीच बदललाय, बाई. मूळ मालक तसं म्हणाले.”

“तुम्ही बदललात?”

“नाही. दुसरीकडे बदलून घेतला म्हणे.”

“उघडून दाखवा.”

उघडलं. पट्टा काळाभोर, स्वच्छ, एक भेग नाही. पट्ट्याकडे बघून मला काही कळत नाही, हे मला आता कळलं आहे, म्हणून मी पट्ट्याकडे बघितलंच नाही. रापोल्डच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हटलं, “हा एका वर्षाचा आहे की आठ वर्षांचा?”

गाडी विकायची होती त्यांना. सून बघत होती. “एका वर्षाचा” म्हणायला त्यांना काहीच खर्च पडत नव्हता, आणि मला ते कधी कळलंही नसतं. ते बराच वेळ पट्ट्यावर उजेड धरून उभे होते.

“मला माहीत नाही, बाई,” ते म्हणाले.

“मग बदला,” मी म्हटलं.

मी तिथेच स्टूल घेऊन बसले. त्यांनी बाह्या दुमडल्या आणि स्वतः बदलला. मधे दोनदा कॉफी दिली, दोन्ही वेळा बेचव. निघताना म्हणाले, “भावाला विचारायचं नव्हतं का?”

आज बुधवार. सकाळी मी गाडी काढून दारात पुसत होते. टॅक्सी आली, तिने हॉर्न वाजवला. हेडविग कोट घालून, कुबड्या टेकत फाटकापर्यंत आली. टॅक्सीच्या काचेशी वाकून काहीतरी म्हणाली आणि टॅक्सी रिकामी निघून गेली. मग ती माझ्या नव्या गाडीचं दार उघडून आत बसली, पट्टा लावला, कुबड्या मागे टाकल्या.

मी म्हटलं, “हेडविग, विचार कर.”

“तू चालव,” ती म्हणाली. “विचार मशीनवर पडल्यावर करीन. तिथे दुसरं कामच नसतं.”

आम्ही घाट उतरलो. दुसऱ्या वळणावर दोघींपैकी कुणीच श्वास घेतला नाही, असं मला वाटतं. खाली पोचल्यावर तिने दोन्ही हात मांडीवर सरळ केले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतका वेळ तिने मुठी आवळल्या होत्या.

बेल्टचं मी या वेळी तुला विचारलं नाही. सांगते आहे, एवढंच.

ईस्टरला ये.

तुझी,
ट्राउडे